लॅबची तपासणी येणार म्हणून बाटल्या लपवायच्या, मग तपासता काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर मधलं कापा पण शेवटची मागणी तेवढी ठेवा ही विनंती.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात हमखास फोटो असतो की शाळेची मुलं विद्यापीठाच्या लॅबमध्ये गोल करून उभी आहेत आणि कोणीतरी मॅडम रंग बदलणारं द्रावण दाखवतायत. बघायला छान वाटतं, वाद नाही. पण त्यानंतर चार-पाच दिवसांतच, ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, तो विद्यापीठात कोणाला माहीत पण नसतो. १९६६ साली त्या तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल सुरू झालं, तिचं हेडऑफिस आपल्याच नवी मुंबईत बेलापूरला आहे, एमआयडीसीतल्या कंपन्यांत त्या दिवशी छातीला बिल्ले लावतात, शपथ घेतात, फायर ड्रिल होतं. माझ्या सगळ्या नोकरीत आमच्या डिपार्टमेंटला ४ मार्चला काही झालेलं मला आठवत नाही.

मी एका विद्यापीठाच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमधून लॅब असिस्टंट म्हणून रिटायर झालो. माझं नाव छापू नका. विद्यापीठाचंही लिहीत नाही कारण जे सांगतोय ते एकाच विद्यापीठाचं नाहीच मुळी, दुसरीकडचे आमच्यासारखे असिस्टंट युनियनच्या मीटिंगला भेटले की चहा पिताना सगळे हेच सांगायचे, फक्त माणसांची नावं वेगळी.

तर विषय असा की विद्यापीठाच्या रिसर्च लॅबची तपासणी. आता कोणी म्हणेल तपासणी तर होते की, किती कमिट्या येतात. येतात ना, भरपूर येतात! कॉलेजात एलआयसी येते, म्हणजे विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती, विम्याची नव्हे, मोठ्या ठिकाणी माझ्या वेळी कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची पीअर टीम यायची, ऑडिटवाले येतात, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कायमच्या सामानाची नोंदवही, बघायला अकाउंट सेक्शनचे येतात. पण यांच्यातलं कोणीही रात्री साडेनऊला लॅबमध्ये एकटा बसलेला पीएचडीचा पोरगा कसलं रिअॅक्शन लावून बसलाय हे बघायला येत नाही. ते बघायचं कोणाचं काम आहे हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. एचओडी म्हणतात गाईडचं, गाईड म्हणतात डिपार्टमेंटचं, डिपार्टमेंट म्हणतं इस्टेट सेक्शनला लेटर दिलंय.

आणि कमिटी येते तेव्हा काय होतं ते मी आतून बघितलंय. महिनाभर आधी तारीख कळते. रंगरंगोटी होते. दारावर सेफ्टी रूल्सचा नवा फ्लेक्स लागतो, त्यात रूल्स बारीक अक्षरात आणि कुलगुरूंचा फोटो मोठा. नवे अॅप्रन येतात, कमिटी गेली की ते परत कपाटात. वाळूच्या बादल्यांना लाल रंग मारतात, आतली वाळू बदलत नाहीत, तिच्यात पानाच्या पिचकाऱ्या तशाच असतात. फायर एक्स्टिंग्विशरवर नवीन स्टिकर चिकटतो पण गेजचा काटा कुठे आहे ते बघत नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाटल्या. पाहुणे येणार म्हणून पलंगाखाली सामान ढकलावं तशा जुन्या सॉल्व्हंटच्या, लेबल गेलेल्या, झाकण गंजलेल्या बाटल्या क्रेटमध्ये भरून मागच्या स्टोअरला हलवायच्या, आणि हे काम कोणाचं, तर आमचं आणि शिपायाचं. त्यात ईथर असतं. ईथरची बाटली उघडून वर्ष-दोन वर्ष पडून राहिली की त्यात पेरॉक्साइड तयार होतं आणि ते झाकण फिरवताना, धक्क्यानेसुद्धा फुटू शकतं. वाळलेलं पिक्रिक अॅसिडही तसलंच, ओलं ठेवलं तर ठीक, कोरडं झालं की स्फोटक. म्हणजे एरवी जागेवर गप पडून असलेली धोकादायक वस्तू तपासणीच्या निमित्ताने हातगाडीवर घालून खडबडीत कॉरिडॉरमधून न्यायची. एवढी वर्षं काही झालं नाही ते नशीब म्हणायचं.

फ्यूम हूडची, म्हणजे विषारी वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या काचेच्या कपाटाची, तर वेगळीच गंमत. कमिटी आली की हूड चालू करून दाखवायचा, मोटर एवढी आवाज करते की मेंबर म्हणतात बंद करा बंद करा ऐकू येत नाही, झालं, हूड वर्किंग अशी टिक. अहो मोटर फिरते म्हणजे हूड ओढतो असं नसतं ना! हवा बाहेर नेणारा डक्ट वर गच्चीवर फाटलेला असतो, कबुतरांनी घरटं केलेलं असतं. टिश्यू पेपरची एक पट्टी काचेच्या खालच्या कडेला धरा, ती आत ओढली जात नसेल तर हूड म्हणजे नुसतं महागडं कपाट आहे. खरं माप पाहिजे तर हवेचा वेग मोजणारा अॅनेमोमीटर मिळतो, तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. पट्टी धरून बघणारा मेंबर मी एकही पाहिला नाही, चहा-बिस्किटं कुठे ठेवलीत हे बघणारे खूप पाहिले.

आता हे फक्त आपल्याकडेच असं समजू नका, पण बाहेर काय झालं आणि त्यातून ते काय शिकले ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला यूसीएलए म्हणून फार मोठं विद्यापीठ आहे. तिथे २९ डिसेंबर २००८ ला, नाताळच्या सुट्टीत कॅम्पस रिकामा असताना, शेरी संगजी नावाची २३ वर्षांची मुलगी टर्ट-ब्युटाइल लिथियम घेऊन काम करत होती. हे रसायन हवेला लागलं की आपोआप पेटतं, काडी लावावी लागत नाही. ती ते मोठ्या प्लास्टिकच्या सिरिंजने ओढत होती, दट्ट्या बाहेर आला, द्रव अंगावर सांडला. अंगात लॅबकोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता, तो पेटला आणि अंगाला चिकटला. शरीराचा ४० टक्क्यांहून जास्त भाग भाजला आणि अठरा दिवसांनी १६ जानेवारी २००९ ला ती गेली. दोन-अडीच महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलेली पोर.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. त्याच लॅबची विद्यापीठाच्याच सेफ्टीवाल्यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये तपासणी केली होती. म्हणजे आगीच्या दोनच महिने आधी. आणि त्या रिपोर्टमध्ये डझनभराहून जास्त त्रुटी लिहिल्या होत्या, त्यातली एक अशी की इथले लोक लॅबकोट घालत नाहीत! लिहून ठेवलं होतं हो. तपासणी झाली होती, माणसं आली होती, डोळ्यांनी बघितलं होतं, कागदावर उतरवलं होतं, आणि दोन महिन्यांत ना त्रुटी दुरुस्त झाल्या, ना लॅबला कुलूप लागलं. म्हणून मी म्हणतो नुसती तपासणी वाढवा अशी मागणी करण्यात अर्थ नाही. ज्या तपासणीनंतर कुलूप लागू शकत नाही ती कितीही वेळा करा.

तिथे पुढे काय झालं तेही ऐका. कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा खात्याने विद्यापीठाला ३१,८७५ डॉलर दंड केला. मग डिसेंबर २०११ मध्ये चक्क फौजदारी गुन्हा दाखल झाला, प्रोफेसरवर आणि विद्यापीठाच्या संचालक मंडळावरही. २०१२ ला विद्यापीठाने सुरक्षेच्या अटी मान्य केल्या, तिच्या नावाने ५ लाख डॉलरची स्कॉलरशिप ठेवली आणि त्यांच्यावरचा गुन्हा मागे घेतला गेला. २०१४ ला प्रोफेसरशी तडजोड झाली, १० हजार डॉलर भाजलेल्यांच्या दवाखान्याला द्यायचे आणि ८०० तास समाजसेवा करायची. कोणी म्हणेल एवढ्यावर सुटला. मलाही तसंच वाटलं. पण एका लॅबमधल्या अपघातासाठी गाईड कोर्टात उभा राहिला हीच गोष्ट अशी होती की त्यानंतर अमेरिकेतल्या कितीतरी गाईड लोकांनी आपापल्या लॅबमध्ये कोट मोजले असतील.

आणि इथेच खरी मेख आहे. हा दंड कशामुळे होऊ शकला? तर ती मुलगी तिथे पगारी कर्मचारी होती म्हणून. कामगार सुरक्षेचं खातं कर्मचाऱ्यासाठी असतं. ती नुसती विद्यार्थिनी असती तर त्या खात्याला लॅबच्या दारातही येता आलं नसतं बहुतेक.

आपल्याकडे बघा. तेच टोल्युइन, तेच हायड्रोजनचे सिलेंडर, तेच सोडियम कुरकुंभच्या किंवा लोटे परशुरामच्या कंपनीत असलं की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, ते इन्स्पेक्टर पाठवतात, नोटीस काढतात, सेफ्टी ऑफिसर नेमायला लावतात. ते खातं किती नीट काम करतं तो वेगळा विषय, डोंबिवलीकरांना विचारा. पण निदान खातं तरी आहे, कोणावर ओरडायचं ते माहीत आहे. विद्यापीठाची लॅब कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, तिथे काही बनवून विकत नाहीत. पीएचडीचा विद्यार्थी कामगार नाही, त्याला मिळते ती फेलोशिप, पगार नाही, मग त्याला ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही, भरपाईचा कायदा नाही. गॅस सिलेंडरवर देखरेख करणारं पेसो हे केंद्राचं ऑफिस तर आपल्या नागपुरात आहे, पण ठरावीक संख्येच्या आत सिलेंडर ठेवले तर लायसन्सच लागत नाही, मग लॅबमध्ये चेन न लावता कोपऱ्यात टेकवून ठेवलेला लाल सिलेंडर बघायला नागपूरहून कोण कशाला येईल. राहिली फायर ब्रिगेड. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी भरून द्यायचा असतो की यंत्रणा चालू आहे. पण तो फॉर्म बिल्डिंगचा. होजपाइप आहे का, पंप चालतो का एवढं त्यात. तिसऱ्या मजल्यावर सोडियमची बरणी आहे आणि तिच्या शेजारी सीओटूचा एक्स्टिंग्विशर टांगलाय हे त्यात कुठे येणार! सोडियमच्या आगीवर पाणी चालत नाही हे बारावीच्या पोराला माहीत असतं, सीओटूही चालत नाही हे एमएस्सीवाल्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं, तिथे कोरडी वाळू किंवा खास पावडर लागते. आणि वाळूची बादली कशी असते ते वर सांगितलंच.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात ९ जानेवारी २०२१ ला आग लागून दहा बाळं गेली, त्यानंतर राज्यभर फायर ऑडिट करा म्हणून आदेश निघाले, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलच्या आयसीयूला आग लागून अकरा पेशंट गेले. ऑडिट हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

मूळ विषयाकडे येतो. लॅबच्या तपासणीत अजून एक गोष्ट कोणी धरतच नाही ती म्हणजे अडगळ. दिल्ली विद्यापीठाचं २०१० चं प्रकरण लोक विसरले असतील. केमिस्ट्री डिपार्टमेंटकडे एक गॅमा सेल होता, म्हणजे आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेलं जाडजूड यंत्र, साठच्या दशकाच्या शेवटी बाहेरून आणलेलं. १९८५ पासून कोणी वापरत नव्हतं. खोलीत पडून. ज्यांनी आणलं ते रिटायर झाले, पुढच्यांना ते जुनं लोखंड वाटलं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इतर भंगाराबरोबर त्याचा लिलाव झाला! भंगारवाल्याने मायापुरीच्या बाजारात नेऊन ते फोडलं. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडायला लागली, कातडी काळी पडली, केस गेले, एक जण वारला, बाकीचे हॉस्पिटलात. कोणत्या लॅबमधून आलं हे शोधून काढायला अणुऊर्जा नियामक मंडळाला यावं लागलं, त्यांनी मग विद्यापीठाचा किरणोत्सारी पदार्थ वापरायचा परवाना थांबवला. वारला तो भंगाराच्या दुकानातला गरीब माणूस, त्याने आयुष्यात विद्यापीठाचं गेट पण बघितलं नसेल.

आमच्यासारख्यांना हे वाचून धक्का बसला नाही हे मुद्दाम सांगतो. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद काय असते, "मशिन, लोखंडी, १ नग". आत काय आहे हा रकानाच नाही. जुनं सामान मोडीत काढणाऱ्या निर्लेखन कमिटीत एक अकाउंटचा माणूस, एक इस्टेटचा आणि एक प्राध्यापक जो सही करून लेक्चरला पळतो. पंचवीस वर्षं हे यंत्र तिथे पडून होतं, त्या काळात त्या डिपार्टमेंटला किती कमिट्या आल्या असतील विचार करा. सगळ्यांनी त्या खोलीच्या दारावरून जाताना कुलूप बघितलं असणार आणि पुढे गेले असणार.

दुसरं म्हणजे तपासणी वस्तूंची होते, कामाची होत नाही. गॉगल आहेत? आहेत. शॉवर आहे? आहे, पाणी येतं का ते कोणी उघडून बघत नाही, असो. पण आज इथे काय बनवताय आणि किती बनवताय हे कोणीच विचारत नाही. अमेरिकेतल्याच टेक्सास टेक विद्यापीठात ७ जानेवारी २०१० ला असंच झालं. दोन विद्यार्थी निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट म्हणून एक स्फोटक संयुग बनवत होते. गाईडने तोंडी सांगितलेलं होतं म्हणे की १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही. लेखी कुठे नाही. यांनी टेस्टला पुरावं म्हणून एकदमच १० ग्रॅम बनवलं, शंभर पट. गुठळ्या फोडायला एकाने खलबत्त्यात घेतलं, थोड्या वेळाने गॉगल काढला, परत जाऊन एकदा ढवळलं आणि स्फोट झाला. हाताची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा, हात आणि चेहरा भाजला.

तिथे केमिकल सेफ्टी बोर्ड म्हणून स्वतंत्र सरकारी संस्था आहे, त्यांनी याचा तपास करून २०११ मध्ये रिपोर्ट काढला, पहिल्यांदाच एका विद्यापीठाच्या लॅबचा एवढा खोलात जाऊन. त्यातली एक गोष्ट वाचून मला हसू आलं आणि रागही. सेफ्टीचे लोक लॅब तपासायला आले की काही प्रोफेसरांना तो आपल्या अॅकॅडमिक फ्रीडमवर घाला वाटायचा! आणि सेफ्टी ऑफिसची माणसं ज्यांच्या हाताखाली होती त्यांचा रिसर्चशी संबंध नव्हता, त्यामुळे लॅबवाल्यांनी ऐकलं नाही तरी कोणाकडे जायचं हा प्रश्नच. बोर्डाने सांगितलं की सेफ्टी बघणारा माणूस थेट वरच्या माणसाला रिपोर्ट करणारा पाहिजे. २००१ पासून त्यांच्या नोंदीत देशभरातल्या विद्यापीठ लॅबमधले १२० अपघात होते, आणि ते काय सगळे थोडेच कळतात.

आपल्याकडे आकडाच नाही. १२० नाही, १२ नाही, शून्यही नाही. कारण नोंदवायचं कुठे? आमच्याकडे एकदा एका मुलीच्या हातावर नायट्रेटिंग मिक्स्चर उडालं, तिला रिक्षात घालून मीच दवाखान्यात नेली, डॉक्टरला तिने सांगितलं घरी तेल उडालं. का असं म्हणालीस विचारलं तर म्हणाली मामा, सरांना कळलं तर थीसिस अडकेल. ती काही चुकीचं बोलत नव्हती. सिनॉप्सिसवर सही सरांची, फेलोशिपच्या कागदावर सही सरांची, रेकमेंडेशन सरांचं. असं असताना तो पोरगा किंवा पोरगी कमिटीसमोर सरांच्या शेजारी उभं राहून सांगेल का की हूड सहा महिने बंद आहे आणि आम्ही खिडकी उघडून ब्रोमीन वापरतो?

हवाई विद्यापीठाचं उदाहरण याच्याशी जुळतं. तिथे मार्च २०१६ मध्ये एक संशोधक बाई बॅक्टेरियासाठी हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण एका टाकीत भरत होती. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका टाकीत प्रेशरखाली, वाचूनच अंगावर काटा येतो. टाकीला हात लावला की स्टॅटिकचे, म्हणजे स्थिर विजेचे, शॉक बसतात हे तिने आधी सांगितलेलं होतं, काळजी करू नको म्हणाले. स्फोट झाला, तिचा हात गेला. विद्यापीठाला १,१५,५०० डॉलर दंड झाला. तो शॉक बसला त्याच दिवशी एखाद्या रजिस्टरला नोंद झाली असती आणि बाहेरच्या कोणीतरी ती वाचली असती तर टाकी तिथेच थांबली असती. थोडक्यात वाचलो, याचं रजिस्टर कारखान्यात असतं, नियर मिस म्हणतात त्याला. विद्यापीठात थोडक्यात वाचलो तर पेढे वाटतात.

आपल्याकडचे दोन अपघात मात्र लपण्यासारखे नव्हते. ट्रॉम्बेला बीएआरसीमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, २९ डिसेंबर २००९ ला केमिस्ट्रीच्या लॅबला आग लागली, दोन तरुण संशोधक गेले, किरणोत्सर्गाचा संबंध नाही असं तेव्हा सांगितलं होतं. तारीख बघा, यूसीएलएच्या आगीला बरोब्बर एक वर्ष. योगायोगच, पण त्या वर्षभरात आपल्या किती लॅबमध्ये त्या आगीची चर्चा तरी झाली असेल? आणि ५ डिसेंबर २०१८ ला बंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, शॉक वेव्हच्या लॅबमध्ये सिलेंडरचा स्फोट झाला, ३२ वर्षांचा इंजिनिअर गेला, तिघं जखमी. ही दोन्ही देशातली नावाजलेली ठिकाणं, पैशाची फार चणचण नसलेली. मग जिथे मोटर दुरुस्तीला कंटिन्जन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या निधीतून, पैसे मागावे लागतात आणि कोटेशन तीन पाहिजेत म्हणून फाइल मार्चपर्यंत फिरते तिथलं काय ते तुम्हीच बघा.

पैशाचं आलंच आहे तर बोलतो. प्रोजेक्टच्या ग्रँटमध्ये खर्चाचे हेड असतात, इक्विपमेंट, कन्झ्युमेबल, ट्रॅव्हल, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड. सेफ्टी नावाचा हेड मी पाहिला नाही. कोटीचं मशिन येतं पण वेस्ट सॉल्व्हंट नेणाऱ्या एजन्सीला द्यायला पैसे नसतात, मग बेसिनमध्ये ओतायचं किंवा एकाच कॅनमध्ये सगळं. नायट्रिक अॅसिडचं वेस्ट आणि अॅसिटोनचं वेस्ट एका बाटलीत घालून झाकण घट्ट लावलं तर काय होतं हे ज्याने बघितलंय त्याला विचारा, आमच्या स्टोअरच्या छताला अजून डाग असतील. ओव्हरहेडचा, म्हणजे ग्रँटमधून विद्यापीठाला मिळणाऱ्या वाट्याचा, ठरावीक हिस्सा सेफ्टीलाच जाईल असा एका ओळीचा ठराव मॅनेजमेंट कौन्सिल करू शकते, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

मला काय पाहिजे ते सांगतो, फार अवघड काही नाही. तपासणी न सांगता झाली पाहिजे, आणि संध्याकाळी सहानंतर पण झाली पाहिजे, खरं काम तेव्हाच चालतं. तपासणारा दुसऱ्या डिपार्टमेंटचा किंवा दुसऱ्या विद्यापीठाचा हवा, आपलेच सर आपल्याच सरांना काय लिहिणार. सेफ्टी ऑफिसर फुल टाइम नेमा, एखाद्या लेक्चररला एनएसएस आणि परीक्षा विभागाच्या वर अजून एक अॅडिशनल चार्ज देऊ नका, आणि तो थेट कुलगुरूंच्या हाताखाली ठेवा, त्याच्याकडे कुलूप आणि सील असू द्या. त्याने विद्यार्थ्यांना गाईड नसताना वेगळं बसवून विचारावं की आज काय लावलंय, किती ग्रॅम, रात्री सोबत कोण असतं. रिपोर्ट मराठीत आणि इंग्रजीत लॅबच्या दारावर चिकटवा, कोणती त्रुटी कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त होणार हे लिहून. मी खात्रीने सांगतो, दारावर कागद लागला की आठ दिवसांत डक्ट दुरुस्त होतो, विद्यापीठात बदनामीला जेवढे लोक घाबरतात तेवढे आगीला घाबरत नाहीत. भंगार काढताना निर्लेखनाच्या कागदावर "आत रसायन अथवा किरणोत्सारी पदार्थ नाही" अशी जबाबदार माणसाची सही असल्याशिवाय लिलाव नको. आणि रसायनशाळांच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचा आयएस ४२०९ आहेच, नवीन काही शोधून काढायला कमिटी नेमू नका म्हणजे झालं.

प्राध्यापक मंडळी रागावतील. रागावू देत. त्यांच्यातले चांगले पण मी बघितलेत, एक सर तर नवीन मुलाला पहिले पंधरा दिवस फक्त काचसामान धुवायला आणि सिलेंडरचा रेग्युलेटर लावायला-काढायला शिकवायचे, मगच रिअॅक्शन. त्यांच्या लॅबमध्ये कोणाला कधी काही झालं नाही आणि त्यांचे पेपरही इतरांपेक्षा कमी नव्हते.

आता शेवटची मागणी, ती तुमच्याकडे आहे. विद्यापीठं माहिती अधिकारात येतात. तुमचे वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. राज्यातल्या सगळ्या सरकारी विद्यापीठांच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज टाका आणि एवढंच विचारा की गेल्या पाच वर्षांत सायन्सच्या लॅबमध्ये झालेल्या अपघातांची नोंद द्या, शेवटची सुरक्षा तपासणी कोणी आणि कधी केली त्या रिपोर्टची प्रत द्या, त्यातल्या किती त्रुटी दुरुस्त झाल्या आणि दुरुस्त होईपर्यंत किती लॅब बंद ठेवल्या ते सांगा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर तेही विद्यापीठाच्या नावासकट छापा, अॅडमिशनच्या जाहिरातींच्या शेजारच्या पानावर.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये)